माश्यांचा स्वयंपाक

पाषाणच्या प्रयोगशाळेत माझं काम एवढंच:
सकाळी साडेसातला पातेलं चढवायचं.
मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट, अगर,
आणि बुरशी धरू नये म्हणून शेवटी थोडं औषध.
गूळ तळाला लागला तर सगळं वाया,
म्हणून पळी थांबवायची नाही.
बावीस वर्षं थांबवलेली नाही.

शेजारीण विचारते, कुणासाठी गं एवढं रांधतेस?
सरकारी जावयांसाठी, म्हणते मी.
तिळाएवढे आहेत, लाल डोळ्यांचे,
आणि जेवणाला नावं ठेवत नाहीत.

यंदा त्यातले काही वर जाणार होते.
वर म्हणजे विमानाच्याही वर.
त्या दिवशी मी गूळ चिमूटभर जास्त घेतला,
काट्याकडे पाहिलं,
आणि चिमूट परत डब्यात टाकली.
जाणारे आणि राहणारे, दोघांना एकाच पातेल्यातलं.
नाहीतर तुलना कशी करणार, ऋजुता मॅडम म्हणतात.

जेवताना तौसीफने लायकाची गोष्ट सांगितली.
मॉस्कोच्या रस्त्यावरची कुत्री,
थंडी-उपास सोसलेली, म्हणूनच निवडली.
तिलाही असंच थलथलीत अन्न,
वर पाणी वाटीत राहत नाही ना.
जायच्या आधी त्यांच्यातल्या एकाने तिला घरी नेली,
पोरांशी खेळू दिली.
मी विचारलं, मग परत कधी आली?
तो डब्याचं झाकण लावत बसला.
लागतच नव्हतं ते.
परत आणायचं ठरलंच नव्हतं, मावशी.
काही तासांतच गेली, उकाड्याने,
आणि हे जगाला सांगायला पंचेचाळीस वर्षं लागली.

संध्याकाळी फाटकापाशी तांबूला पोळी टाकली,
दुसरीकडे बघत.

आमचे हे मार्चमध्ये पडले,
सूसला, सहाव्या मजल्यावर फरशी बसवताना.
खुबा गेला. तेव्हापासून खाट.
फरशीची खोकी दोन-दोन उचलणारा माणूस,
त्याची पोटरी आता माझ्या मनगटाएवढी.
काही न करता हाड कसं झिजतं, हे मला कळेना.
मॅडमना विचारलं, तर त्या हातातलं काम ठेवून म्हणाल्या,
वर गेलेल्यांचंही असंच होतं.
भार नसला की अंगाला वाटतं, आता आपली गरज नाही.
कित्येकदा तर माणसांना महिनोन् महिने खाटेवर निजवून
वरचा अभ्यास खालीच करतात.
पैसे देतात त्याचे?
देतात.
घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हणाले, अर्ज कुठे मिळतो?

डबा परत आला.
गेल्या होत्या त्यातल्या फार थोड्या,
बाकी सगळ्या त्यांच्या लेकी, नाती, वरच जन्मलेल्या.
खाली म्हणजे काय, हे त्यांना इथे आल्यावर कळलं.
तौसीफने नळी टेबलावर आपटली, टक टक.
माश्यांची रीत आहे, खाली पाडलं की वर चढायचं.
आपल्या इथल्या सरसर बुचापर्यंत.
या निम्म्यावर थांबल्या,
काही तर तळाशीच, माझ्या स्वयंपाकात पाय रुतवून.

मॅडमनी मला काचेतून हृदय दाखवलं.
माशीला हृदय असतं, हे बावीस वर्षांत
मी कधी विचारलं नव्हतं.
बारीकशी नळी. आकसलेली.
तरी चाललेलं तिचं आपलं.
शेजारी खालच्या माशीचं होतं, ते चांगलं रुंद.
भार नव्हता म्हणून? मी विचारलं.
भार नव्हता म्हणून.

आणि मी म्हसोबाला दर अमावास्येला सांगत आलेय,
बाबा, डोक्यावरचं ओझं उतरव.

रात्री यांना उठवून वॉकरला धरून उभं केलं.
हे परत बसू बघत होते.
मी खाटेच्या लोखंडी दांड्यावर पळीने वाजवलं, टक टक.
मी काय माशी आहे? म्हणाले.
म्हटलं, चढा.
गुडघे लटलटले, कपाळाला घाम,
मला चार शिव्या. सातपर्यंत मोजलं मी.

दुधाच्या वहीत, अर्धा लिटरच्या खाली,
तारीख घातली आणि लिहिलं: सात.
उद्याचा गूळ रात्रीच चिरून ठेवला.